पेटी भरली, वही कोरीच



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात एक चांगली चाल पडली आहे. अश्दोद, दिमोना, बेर शेवा, लोद, रामले इथली घरं असोत, नाहीतर लंडन-न्यू यॉर्कची, जुन्या ट्रंका उघडल्या जात आहेत. लग्नाचे फोटो, कतुबे, पलटणीच्या पेन्शनचे कागद, कीर्तनाच्या वह्या, मुंबईच्या शाळेचे दाखले, आलियाच्या वेळचे पासपोर्ट, असं सगळं स्कॅन करून घराण्याच्या किंवा मंडळाच्या एका सामायिक पेटीत टाकलं जातं. पेटी म्हणजे अर्थात गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर. चार देशांत विखुरलेले चुलतभाऊ आणि मामेबहिणी ते एकाच वेळी उघडून बघू शकतात. आपल्या आजोबांच्या पिढीला हे स्वप्नातही सुचलं नसतं.

हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहिते. पेट्या भरत चालल्या आहेत आणि त्यांच्यासोबतची वही कोरी आहे. फोटो कोणाचा, कोणाच्या घरातून आला, मागच्या बाजूला काय लिहिलं होतं, ओळख कोणी पटवली, यातलं काही कुठे लिहिलेलं नाही. माझं मत असं आहे की आता काही महिने नवं स्कॅनिंग बाजूला ठेवावं आणि जे जमलं आहे त्याची नोंद आधी करावी. ज्याच्यासोबत चार ओळी नाहीत तो कागद पेटीत घेऊच नये.

हे काहींना कठोर वाटेल. माझी कारणं सांगते.

न नोंदवलेल्या पेटीचं काय होतं

देवाचं नाव असलेला जीर्ण कागद आपल्यात टाकून देत नाहीत, तो गेनिझात ठेवतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनिझात शेकडो वर्षं असे कागद पडत राहिले. धार्मिक पानांबरोबर पत्रं, हिशेब, करारही पडले. यादी कोणी केली नाही, कारण ती करायची नव्हतीच. तो कागदांचा विसावा होता. १८९६-९७ साली सॉलोमन शेख्टर यांनी तिथून सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. त्यांना क्रमांक देणं, ते ओळखणं, एका पत्राचे दोन शहरांत गेलेले दोन तुकडे जुळवणं, हे काम सव्वाशे वर्षांनंतरही चालू आहे. त्याच ढिगातून बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजू यांची पत्रं निघाली. भारताशी व्यापार करणाऱ्या यहुदी व्यापाऱ्यांचे हे कागद लावण्यात एस. डी. गोइटाइन यांची कित्येक दशकं गेली. १९८५ साली ते वारले आणि त्यांचं ते पुस्तक मोर्देखाय फ्रीडमन यांनी पुरं करून २००८ साली निघालं.

कैरोच्या कागदांना शेख्टर भेटले, गोइटाइन भेटले, केंब्रिजचं ग्रंथालय भेटलं. आपल्या फोल्डरांसाठी असं कोणी येणार नाही. आपण भरतो आहोत तो गेनिझाच आहे, फक्त त्यातले कागद विसाव्यासाठी ठेवलेले नाहीत. नातवंडांनी ते वापरावेत अशी आपली इच्छा आहे. मग वापरता येतील असे ठेवायला हवेत.

आपल्याला कागदाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळायला हवी

१९६२ साली मुख्य रब्बीनेटने लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना दिल्या. बेने इस्राएल वधूवरांच्या मातृवंशाची, जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन, चौकशी करावी असं त्यांत होतं. पुढची दोन वर्षं कशी गेली हे त्या वेळच्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेथने ठराव केला आणि रब्बीनेटला त्या सूचनांतून आपल्या समाजाचं नाव काढावं लागलं. ती लढाई आपण तत्त्वाने जिंकलो. पण तुमची आजी कोण, पणजी कोण, तिचं लग्न कुठे लागलं, हा प्रश्न एका संपूर्ण समाजाला विचारला गेला होता, हे विसरून चालणार नाही. त्याचं उत्तर कतुब्यात असतं, मशिदीच्या नोंदवहीत असतं, कबरीच्या दगडावर असतं. आपला इतिहास आपल्याच हाताने नीट लिहून ठेवणं ही त्यामुळे नुसती हौस नाही.

दुसरं उदाहरण हाईम सॅम्युएल किहीमकर यांचं. बेने इस्राएलांचा इतिहास त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला. तो छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. मधली चाळीस वर्षं ते हस्तलिखितच होतं, आणि तोवर किहीमकर हयात नव्हते. तरीही पुस्तक निघू शकलं, कारण त्यांनी लिहिलं होतं. कोकणात कोणता सण कोणत्या नावाने पाळत, त्या दिवशी काय करत, हे त्यांनी वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून सांगितलं. आपल्या पेटीतल्या नोंदीची कसोटी हीच असावी. लिहिणारा नसताना, चाळीस वर्षांनी, अनोळखी माणसाला ती कळली पाहिजे.

आपल्या कागदांतल्या खास अडचणी

कोणी म्हणेल, फोटोच्या फाइलला नाव दिलं की झालं. आपल्या बाबतीत तेवढ्याने होत नाही. का, ते बघा.

पहिली अडचण नावांची. १७९६ साली मुंबईत शाआर हारहमीम ही पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल एझेकियल दिवेकर आणि सामाजी हसाजी दिवेकर हे एकच गृहस्थ. सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, अशी दोन-दोन नावं जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात सापडतात. त्यात बायकांचं नाव लग्नानंतर बदललेलं. आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. ती इंग्रजीत तीन प्रकारांनी लिहितात, हिब्रूत स्वर नसल्यामुळे नवखा माणूस भलतंच वाचतो, आणि इथे आल्यावर काहींनी आडनावच बदललं. एकाच पणजोबांचे कागद पेटीत पाच नावांखाली पडलेले असतात आणि शोधणाऱ्याला एकच सापडतो.

दुसरी अडचण ठिकाणांची. जुन्या कागदावर 'कुलाबा' असं जन्मठिकाण दिसलं की इथली मुलं दक्षिण मुंबईतलं कुलाबा समजतात. पण अलिबाग, पेण, रोहा हा सगळा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ साली त्याचं नाव रायगड झालं. नवगावच्या माणसाला कफ परेडचा रहिवासी करायला एवढी एक चूक पुरते.

तिसरी अडचण आपल्या स्वतःच्या शब्दांची. आजीच्या पत्रात 'लग्न मशिदीत लागलं' असं असतं. आपल्याला माहीत आहे की आपण सिनेगॉगला मशीद म्हणत आलो; मुंबईचं मशीद बंदर स्टेशन त्याच मशिदीवरून ओळखलं जातं असं आपण सांगतो. पण हेच वाक्य नातवाने मोबाइलमध्ये टाकून हिब्रू केलं तर आजीचं लग्न मुसलमानांच्या प्रार्थनास्थळात लागतं! 'काजी' या शब्दाचं तेच. जुन्या कागदात 'तेली' किंवा 'शनवार तेली' अशी नोंद आली तर ती आपलीच हे कोण सांगणार? सण तर विचारूच नका. योम किप्पूर, किप्पूर, दारफाळणीचा सण हे तिन्ही एकच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. तिशा बेआवला बिरड्याचा सण म्हणत. हे शब्द फार मोलाचे आहेत, ते पुसून त्यांच्या जागी हिब्रू घालू नका. पण दोन्ही शेजारी-शेजारी लिहा.

चौथी अडचण तारखांची. कबरीवर ५६५७ असं वर्ष असतं. ते १८९६ च्या सप्टेंबरात सुरू होऊन १८९७ च्या सप्टेंबरात संपलं. महिना वाचता येत नसेल तर नुसतं '१८९७' लिहिणं म्हणजे अंदाज खपवणं. काही कागद शके सालाचे, ज्यात इसवी सनासाठी ७८ मिळवावे लागतात आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. काही कागद मोडीत, जे वाचणारी माणसं आज थोडी. म्हणून मूळ कागदावर जसं आहे तसंच आधी उतरवावं आणि त्याचा अर्थ वेगळ्या रकान्यात लिहावा. दोन्हींची सरमिसळ झाली की चूक कोणाची, दगडाची की आपली, हे पुढे कळत नाही.

वहीत काय असावं

वही म्हणजे एक साधी तक्ता-फाइल. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा, तोच फाइलच्या नावात असावा, आणि एकदा दिलेला क्रमांक कधीही दुसऱ्या वस्तूला देऊ नये. त्या क्रमांकासमोर एवढंच लिहावं:

१. वस्तू काय आहे: फोटो, कतुबा, पत्र, वही, कबरीचा दगड.
२. मूळ आज कोणाच्या घरी आहे आणि ते त्या घरात कुठून आलं.
३. त्यावर काय लिहिलं आहे, मागच्या बाजूसकट, जसंच्या तसं.
४. माणसं कोण, डावीकडून उजवीकडे, दोन्ही नावांनी. लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव आवर्जून.
५. गाव आणि तारीख, कागदावरची वेगळी आणि आपण लावलेली वेगळी.
६. ही माहिती कोणी सांगितली, कोणी लिहून घेतली, कधी.
७. किती खात्री आहे: कागदावर आहे, ऐकीव आहे, की अंदाज.
८. कोणाला दाखवायची परवानगी आहे.

सहावा आणि सातवा रकाना लोक हमखास सोडतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. पलटणीच्या वेशातला एक फोटो दोन घराणी आपापले पणजोबा म्हणून सांगतात. अशा वेळी एकाचं म्हणणं खोडून दुसऱ्याचं लिहू नये. दोन्ही लिहावीत, कोणी कशावरून सांगितलं ते लिहावं. उद्या एखादा सर्विस रेकॉर्ड निघाला तर निकाल लागेल. तोवर वहीने बाजू घेऊ नये. दुरुस्ती करायची असेल तर जुनी ओळ तशीच ठेवून खाली तारीख आणि नाव घालून नवी ओळ लिहावी. किराणा दुकानदारसुद्धा खातेवहीतली ओळ खरडून काढत नाही.

वहीचं पहिलं पान सगळ्यात महत्त्वाचं. ही पेटी कोणाची, कोणी सुरू केली, क्रमांक कसे दिले, आडनावांचं कोणतं रूप प्रमाण धरलं, मशीद-काजी-दारफाळणी अशा शब्दांचे अर्थ काय, प्रती कुठे ठेवल्या आहेत आणि अडचण आली तर निर्णय कोण घेणार, हे त्यावर हवं. मराठी, हिब्रू आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत हवं. ते वाचून नवा माणूस अर्ध्या तासात कामाला लागला पाहिजे. लागला नाही, तर पान पुन्हा लिहायचं.

कबरस्तानांसाठी एक सूचना. कोकणातल्या खाऱ्या हवेत दगडांची अक्षरं झिजत चालली आहेत. नुसता जवळून घेतलेला दगडाचा फोटो पुरत नाही. रांग कितवी, रांगेत दगड कितवा, कोणत्या टोकापासून मोजलं, हे लिहा, आणि एक फोटो आजूबाजूच्या दगडांसह घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात.

पेटी टिकायला हवी

काही गोष्टी तांत्रिक आहेत पण साध्या आहेत. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि कधी काढला वगैरे आतली माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ स्कॅनला हात लावू नका; उजळायचा, कापायचा असेल तर त्याची प्रत करा.

दुसरं, पेटी एका माणसाच्या खात्यावर असते. तो माणूस आजारी पडला, वारला, तर? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या सगळ्यासकट काढून टाकता येतं, असा गूगलचा नियम आहे. म्हणून पेटी उघडण्याचे अधिकार निदान तिघांकडे असावेत, शक्यतो वेगवेगळ्या घरांत आणि वेगवेगळ्या वयांचे. वर्षातून दोनदा संपूर्ण पेटी वहीसकट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवावी. एक डिस्क इथे, एक दुसऱ्या देशात. आणि वहीची एक प्रत कागदावर छापून ठेवावी. कागदाला पासवर्ड लागत नाही.

आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप नेहमीचा: 'म्हातारी माणसं चालली, आधी जमेल तेवढं स्कॅन करून घ्या, नोंदी मागाहून करू.' मला हे उलटं वाटतं. फोटो कपाटात आणखी वीस वर्षं राहील. फोटोतली माणसं ओळखणारी मावशी राहीलच असं नाही. पन्नास-साठच्या दशकांत तरुण वयात आलिया करून आलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. घाई आहे ती त्यांच्या आठवणीची. स्कॅनर कोणीही, कधीही चालवू शकेल.

दुसरा: 'हे मोठ्या संस्थांचं काम आहे.' जेरुसलेममध्ये राष्ट्रीय ग्रंथालय आहे, ज्यू लोकांच्या इतिहासाचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे. आपले संग्रह तिथे जावेत असं मलाही वाटतं. शर्ली आयझनबर्ग यांच्यासारख्या अभ्यासक बाईंनी आपल्यावर मोठा साधनग्रंथ लिहिला, तो १९८८ साली निघाला. पण फोटोतल्या कोपऱ्यातली ती मुलगी म्हणजे कोणाची आतेबहीण, हे कुठल्याही तज्ज्ञाला कळणार नाही. ते आपल्यालाच सांगावं लागेल. यादीसकट दिलेला संग्रह आणि यादीविना दिलेली खोकी, यांतलं संस्था आधी काय हाती घेतील?

तिसरा आक्षेप खरा आहे: 'घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतील.' घटस्फोट, दत्तक मूल, जातीबाहेरचं लग्न, 'काळा-गोरा' भेदाच्या जुन्या कटू गोष्टी, सगळं कागदांत असतं. म्हणून आठवा रकाना. तीन पायऱ्या पुरेत: सगळ्यांसाठी, नातेवाइकांसाठी, आणि अमुक वर्षापर्यंत बंद. जिवंत माणसाचे कागद त्याला विचारल्याशिवाय घेऊच नयेत. लपवायचं असेल तर बंद ठेवा, पण नोंद करा. नोंद न करणं म्हणजे लपवणंही नाही, ते हरवणं आहे.

चौथा: 'हे करणार कोण?' आपल्या मशिदींत मुकादम असतो, गबाई असतो, हझान असतो, शमाश असतो. प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं आणि पैशाच्या वहीवर कोणाची तरी सही असते. पेटीलाही तसेच मानकरी नेमा. एक जण क्रमांक आणि वही सांभाळेल, एक जण मराठी-मोडी वाचेल किंवा वाचणारा शोधेल, एक जण हिब्रू आणि इंग्रजी बघेल. तिसरं काम अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींना द्या. त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणून त्यांना बाजूला ठेवू नका. त्यांना जे कळत नाही ते विचारतील, आणि त्यांचे प्रश्न हीच आपल्या नोंदीची परीक्षा असेल.

इथून सुरुवात करा

शब्बाथला लिहायचं नसतं, पण बोलायला बंदी नाही. दुपारच्या जेवणानंतर छापलेले दहा फोटो घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसापुढे ठेवा आणि ऐका. घाई करू नका, मध्ये दुरुस्त करू नका. संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर लगेच लिहायला बसा, कारण रविवारपर्यंत निम्मं विसरतं. दहा फोटो, दहा क्रमांक, आठ रकाने. पुढच्या शब्बाथला आणखी दहा. वर्षाच्या पन्नास शब्बाथांत पाचशे वस्तू होतात, आणि बहुतेक घराण्यांकडे तेवढ्यासुद्धा नाहीत.

म्हणजे एका वर्षाचं काम आहे. ते न करता आणखी हजार फोटो चढवले, तर आपल्या नातवंडांच्या हाती हजार अनोळखी चेहरे पडतील. आपली माणसं अनोळखी नव्हती. त्यांना नावं होती, काहींना तर दोन-दोन होती. ती लिहून ठेवा.